येसूच्या पत्रावळी

येसू गेल्याचं मला मोखाड्याच्या बाजारात कळलं. साखरशेतच्या एका ओळखीच्या बाईला मी सवयीनं विचारलं, "येसूनं पत्रावळी पाठवल्यात का?" ती म्हणाली, "बाई, येसूमावशी परवाच गेली... तुम्हाला कोणी सांगितलं नाय?" मेथीची जुडी हातात धरून मी तशीच उभी. दुःख मागून आलं. आधी वाटलं, सुटले. आता ती मला विचारणार नाही. हे लिहायलाही लाज वाटते.

साखरशेतच्या अंगणवाडीत नोकरीला लागले तेव्हापासूनची आमची मैत्री. कुणी अडचण घेऊन गेलं की येसू सल्ला द्यायची नाही. पळसाची पानं आणि बांबूच्या काड्या पुढ्यात ठेवायची. "एक पत्रावळ लाव. तवर बोलायचं नाय. मग आत काय म्हणतंय ते सांग." माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच. बाईंच्या पत्रावळीतून आमटी गळते, असं ती गावभर सांगायची.

स्वतःलाही तिनं सोडलं नाही. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा सगळा गाव तिच्या मागे लागलेला. ती दिवसभर ओट्यावर पानं टोचत बसली आणि संध्याकाळी नाही म्हणाली. मी चिडले. तर म्हणते, "लोक ताई ताई करतील, त्याचंच आत बरं वाटत होतं गं. कामाचं काय ऐकूच आलं नाय."

मला मात्र कधीच काही ऐकू आलं नाही. पानं टोचता टोचता मी अंदाज घ्यायची, हिला काय आवडेल, आणि तेच सांगायची. इतकी वर्षं निभावलं.

माझा मुलगा गेला, तरी सून कुसुम माझ्याजवळच राहिली. मध्यंतरी जव्हारच्या एका शिक्षकाकडून तिच्यासाठी विचारणं आलं. त्याचीही बायको वारलेली. मी परस्पर कळवून टाकलं, कुसुमला पुन्हा लग्न करायचं नाही. तिला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती, तर माझ्याशी बोलायला घरात कोण उरणार होतं?

येसू आजारी पडली तेव्हा भेटायला गेले आणि हे सगळं सांगितलं. अंथरुणावरूनच तिनं पानांकडे बोट केलं. मी पत्रावळ लावली.

"काय म्हणतंय?"

"कुसुमला नाहीच जायचं, असं म्हणतंय."

तिनं पत्रावळीवरून बोटं फिरवली. "बाई, हे तुम्ही म्हणताय."

मला राग आला. "तुला तरी काय ऐकू येतं गं?"

"काय नाय येत. एखादी गोष्ट बोलताना जीभ जड होते, तेवढंच. तिथं थांबायचं."

माझी जीभ तर केव्हाची जड झाली होती... मीच ती रेटत होते. निघताना ती म्हणाली, "पुढल्या खेपेला परत विचारीन हां." म्हणून मी पुन्हा गेलेच नाही.

बाराव्याला कुसुमला घेऊन गेले. जेवायला येसूनंच लावून ठेवलेल्या पत्रावळी होत्या. कुसुमच्या पुढ्यात आली ती मात्र माझी. वेडेवाकडे टाके, मधे उसवलेलं पान. येसूनं ती टाकली नव्हती. आमटी वाढली तशी खालून वाहत कुसुमच्या साडीपर्यंत गेली. तिनं दुसरी पत्रावळ खाली सरकवली. पलीकडची म्हातारी हसत म्हणाली, "ही कोणी गं लावली, आंधळ्यानं?"

"मी," म्हटलं. आणि मग थांबताच येईना. "कुसुम, जव्हारहून तुझ्यासाठी विचारणं आलं होतं. मी तुला न सांगता नाही म्हटलं."

तिचा हात भातात थांबला. वर न बघताच म्हणाली, "मला माहीत आहे, आई. तुम्ही कधी सांगताय, याची वाट बघत होते."



त्या शिक्षकाला मी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. तो थांबायला तयार आहे. काल बाजारातून पळसाची पानं आणली आणि कुसुमपुढे ठेवली. आत्ता ती ओट्यावर पत्रावळ लावत बसली आहे. टाके बारीक घालते, तिला वेळ लागेल. मी आत बसून हे लिहितेय, आणि गप्प आहे.