आईच्या कानाचे सहा सेल

मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून भिंगारच्या घरातील सेलांना शिस्त लावली. नियम सोपा आहे: ज्या उपकरणाची भूक थोडी, त्याला बलदंड सेल देऊ नये. भिंतीवरचे घड्याळ वर्षभर घोट घोट वीज पिते. त्याला साधा, स्वस्त सेल पुरतो. पुन्हा चार्ज होणारा त्यात घालू नये. तो नुसता बसूनही रिता होतो. प्रत्येक सेलवर मी तारीख लिहीत असे.

मग आईच्या श्रवणयंत्राचे पाकीट आले. चपट्या हरभऱ्याएवढे सहा सेल. एकेक आठवडाभर चालणारा. तीन आठवड्यांनी माझ्या मुलीसाठी कर्जतला मुलाचे घर पाहायला जायचे होते. आईने बजावले होते, "पोराकडची काय बोलत्यात ते मी माज्या कानानं ऐकनार. तुजं भाषांतर नको."

प्रत्येक सेलच्या पाठीवर एक रंगीत, चिकट शेपटी होती. तारीख लिहायला ती आड येई. मी सहाही शेपट्या काढल्या, तारखा घातल्या आणि सेल औषधाच्या डबीत ओळीने मांडले.

ती शेपटी म्हणजे बूच होते. ते निघताच सेलात हवा शिरते आणि तो झिजू लागतो. यंत्रात असो वा डबीत. पाकिटावर तसे छापले होते. 'आधी प्रश्न दोनदा वाचा,' असे मी वर्गात रोज सांगत असे.

कर्जतला पोहोचताच आई म्हणाली, "मास्तर, कान मेला." डबीतले उरलेलेही मेलेले निघाले. बाजारात घड्याळाचे सेल मिळाले, कानाचे नाहीत.

अखेर मी तिच्या उजव्या कानाशी बसलो आणि प्रत्येक वाक्य वर्गातल्या आवाजात पुन्हा सांगू लागलो. काही गाळायचे नाही, ही जुनी सवय. मुलाची आई नवऱ्याच्या कानात पुटपुटली, "आजी कडक दिसतात." मी तेही सांगितले.

"व्हय म्हनावं," आई म्हणाली. मग आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीने तिने अंगणापर्यंत ऐकू जाईल असे विचारले, "पोरगं गुनाचं हाय. पन बापाच्या बढाया लई, न्हाई का रं?"

माझी पत्नी पोह्यांच्या बशीत पाहू लागली. स्थळ हातचे गेले, असे मला वाटले.

सर्वांत आधी हसली ती मुलाची आई. "एवढी वर्षं मी हेच सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण!" मुलाच्या वडिलांनी हात जोडले आणि सुपारी मागवली. मी तेही आईला सांगितले.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "डोळ्यात सेल न्हाईत."

नवे पाकीट तिच्या बटव्यात असते. सेल बदलताना मला त्यावरची इंग्रजी सूचना मोठ्याने वाचावी लागते. आईला इंग्रजी येत नाही आणि त्या वेळी ऐकूही येत नाही. तरी ती माझ्या ओठांकडे पाहत दोन बोटे वर करते.

मी पुन्हा वाचतो.