निशाण कुणाच्या दारात झुकतं

कुलुपवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं, हे त्याच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या बाजाररस्त्यावर खाली किल्ल्या-कुलपांचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढ्या जागेत तिने त्याच्यासोबत जन्म काढला. दिवसभर तो कानस घासायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचा. पण वर्षातून एकदा याच रस्त्याने चर्चची मिरवणूक निघाली की सगळ्यात पुढे, छाती काढून, निशाण धरून तोच. तो मान त्याने तरुणपणापासून कुणाला घेऊ दिला नव्हता.

मिरवणुकीची एक रीत होती. ज्याच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, त्याच्या दारासमोर निशाण झुकायचं, पुरुष टोप्या काढायचे आणि सगळे मिळून एक गीत म्हणायचे. रीत मायेची होती. पण निशाण झुकलं की ते माणूस पुढची मिरवणूक बघत नाही, हे शेंबडं पोरही सांगायचं.

एका वर्षी बेकरीवाल्याच्या घरच्यांनी त्याचं दुखणं त्याच्यापासून लपवलं होतं. तो बिचारा हसत खिडकीत आला आणि कुलुपवाल्याने खाडकन निशाण खाली आणलं. "काय चेहरा झाला गड्याचा! बघण्यासारखा!" जेवताना त्याला हसू आवरेना. पुढे ही गोष्ट तो दुकानात ज्याला त्याला सांगत सुटला. बेकरीवाल्याची विधवा किल्ली करून घ्यायला आली, तेव्हाही त्याने ती तिच्यासमोरच रंगवून सांगितली. धरणीने पोटात घ्यावं, असं तेव्हा बायकोला झालं होतं.

आता त्याच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी तिला जिन्यात थांबवून खरं काय ते सांगितलं. तिने डोळे पुसले आणि वर येऊन म्हणाली, "अल्सर आहे म्हणे. पथ्य पाळा, होईल बरं."

खरं सांगायची तिची छाती नव्हती. दुसऱ्याच्या मरणावर हसणारा हा माणूस, साधं रक्त तपासायचं म्हटलं तर तिचा हात घट्ट धरून बसायचा.

"यंदा मिरवू दे तुझ्या भावाला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी निशाण माझंच."

तिने भावाला गाठलं, पाळकसाहेबांचे पाय धरले. "आमच्या दारात निशाण झुकवू नका. सरळ पुढे जा." दोघांनी शब्द दिला.

मिरवणुकीच्या दिवशी त्याने दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्ची खिडकीशी ओढायला लावली. वळणावरून बँडचा आवाज आला तशी ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली. निशाण जवळ आलं. भावाने शब्द पाळला. काठी उभी, नजर समोर. तो दुकानावरून पुढे निघून गेला.

"बघितलंस? माठ आहे तुझा भाऊ. काठी धरता येत नाही," कुलुपवाला खूश होऊन म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.

पण शब्द दोघांनी दिला होता, मिरवणुकीने नाही. कुलुपवाल्याला काय झालंय हे त्याच्याखेरीज सगळ्या गावाला माहीत होतं. मागच्या ओळींना वाटलं, रीतीप्रमाणे इथे थांबायचंच. एकाने टोपी काढली, त्याचं बघून दुसऱ्याने. पावलं अडखळली, मागचे पुढच्यांवर आदळले, बँड भेसूर होत बंद पडला. कुणीतरी गीत सुरूही केलं. सगळ्यांच्या माना खाली.

एकटी बेकरीवाल्याची विधवा मान वर करून बघत होती.

कुलुपवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरायला लागला. "अल्सर म्हणालीस ना गं?" त्याने विचारलं. बायको पडदा ओढायला धावली, पण त्याने तिचा हात असा गच्च धरला की तिला सोडवता येईना.

खाली त्या विधवेने त्याला डोळे भरून पाहून घेतलं. मग डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मान खाली घातली आणि सगळ्यांबरोबर गीत म्हणू लागली.