टाकी भरली हे नोझलला कसं कळतं

आमच्या स्कूटरची पेट्रोलची टाकी सीटखाली आहे. त्यामुळे पंपावर दोघांनाही उतरावं लागतं. मी सीट उघडायचो, बायको पुढे जाऊन हवा भरायच्या मशीनपाशी थांबायची, पेट्रोल घेऊन मी तिथे गेलो की मागे बसायची. पंपावर येणारी बहुतेक जोडपी अशीच काही मिनिटं वेगळी होतात.

मी दरवेळी टाकी फुल करतो. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकलं तर गाडी लिटरला किती जाते ते नीट काढता येत नाही. फुल ते फुल धरलं तरच खरा आकडा मिळतो.

दोन वर्षांपूर्वी धरमपेठेतून भाजी घेऊन येताना आम्ही पंपावर थांबलो. मी सीट बंद करत होतो, तेवढ्यात पुढून एका बाईची हाक आली.

"अहो, थांबा! कोणाले घेऊन चालले?"

माझ्यासारखीच पांढरी स्कूटर, तिच्यावर तिशीतला एक माणूस आणि मागे माझी बायको, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. सीट दबली तशी त्याने मागे न पाहताच गाडी काढली होती. त्याची खरी बायको हेल्मेट हातात घेऊन मागे धावत होती.

"काकू, उतरा नं! इतका आवडला का माझा नवरा?"

"अवं बाई, तुझा तुलेच ठेव," माझी बायको उतरत म्हणाली. "सारेच पांढऱ्या गाड्या घेऊन राहिले, माणूस ओळखू कसा?"

पंपावरचे सगळे हसले. मीही हसलो. पुढे पारशिवनीला तिच्या माहेरी एका बारशाला मी हा किस्सा रंगवून सांगितला. तिचा थोरला भाऊ तेवढा हसला नाही. पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "जावईबापू, आमच्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

मी बायकोला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने सुबक गोल काढला आणि आकडे सगळे एका बाजूला दाटीने लिहिले. मी मोजले, बाराच्या बारा होते. हे दुरुस्त होत नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. किती वर्षं, असं मी विचारलं, तर आकडा काही त्यांनी दिला नाही.

तेव्हापासून पंपावर मी तिला पुढे पाठवत नाही, शेजारीच उभी करतो. गेल्या महिन्यात पेट्रोल टाकणाऱ्या बाईंनी नोझल टाकीत अडकवलं. बायको त्याच्याकडे टक लावून पाहत होती. खट्ट आवाज झाला, पेट्रोल थांबलं. ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, माहीत आहे का तुम्हाले, टाकी भरली हे याले कसं कळते?"

भाऊ. मी नाही म्हणालो.

"त्याच्या टोकापाशी बारीकसं छिद्र राहते. पेट्रोल वाहून राहिलं तोवर त्यातून हवा ओढल्या जाते. पेट्रोल वर आलं का छिद्र बुजते. हवा मिळत नाही, मंग आतला पडदा खेचल्या जाते न् खटका पडते. त्याले लिटर-बिटर काही समजत नाही. हवा बंद झाली, इतकंच समजते."

सगळं बरोबर होतं. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आमच्या घरच्यांनी. त्यायले सारं माहीत राहते. हिशोबाचं भारी येड आहे त्यायले."

"सर, राउंड फिगर करू का?" पेट्रोलवाल्या बाईंनी विचारलं. मी नको म्हणालो. खटका पडल्यावर वरून पेट्रोल घालू नये, उन्हात फुगायला त्याला जागा लागते. सीट बंद करून बायकोला म्हणालो, "बस."

"नाही भाऊ, तुम्ही जा. ते पेट्रोल भरून राहिले. मी दिसली नाही तर घाबरतील."

मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मीच तो, असं घरी दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती भिंतीला टेकून रडली होती. म्हणून म्हणालो, "त्यांनीच पाठवलं मला. तुम्हाला घरी सोडायला सांगितलं."

तिने मला खालून वर पाहिलं. "असं? मंग नाव सांगा बरं त्यायचं."

मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट.

"हो, तेच," म्हणाली आणि बसली. अंग चोरून बसली. आमच्या दोघांमध्ये हातातली पिशवी ठेवली आणि मागची दांडी धरली. मी वीसच्या वर गाडी नेली नाही.

फाटकापाशी उतरून तिने पदर सारखा केला. "चहा घेऊन जा, भाऊ. ते येतीलच इतक्यात."

किल्ली माझ्या खिशात होती. मी कुलूप उघडलं आणि ती आधी आत जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो.