घड्याळ म्हणालं, बाबा खाडीत आहेत

आज सकाळचीच गोष्ट लिहितेय.

माझे बाबा रोज सकाळी कोलशेतला खाडीकाठी चालायला जातात. त्यांच्या बायपासनंतर मीच त्यांना जीपीएसवालं स्पोर्ट्स वॉच घेऊन दिलं. ते कुठे आहेत ते मला मोबाइलवर दिसतं.

आज बघते तर त्यांचा ठिपका खाडीच्या मधोमध! हलतच नव्हता. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. चपला न घालताच धावत सुटले.

बाबा काठावरच्या बाकावर बसून घड्याळाची बटणं दाबत होते.

"अगं, हे मघापासून अडकलंय. फोन सायलेंटवर राहिला वाटतं. तू रडतेस कशाला?"

मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडून घड्याळ काढून घेतलं.

घरी येऊन घड्याळ अपडेट केलं, रीस्टार्ट केलं, गच्चीत उघड्यावर ठेवलं. थोड्या वेळाने ठिपका बरोबर आमच्या बिल्डिंगवर आला. बाबा खूश झाले.

माझी भीती मात्र वाढलीय. तुमच्यापैकी कुणी घरच्या माणसावर असं लक्ष ठेवत असेल तर खरं सांगा. उद्या तो ठिपका पुन्हा थांबला, तर मी अशीच धावेन, की "घड्याळच बिघडलं असेल" म्हणून बसून राहीन?