उचललेला भंडारा

पोलीस खात्यात उमर गेली. खून, दरोडे, जाळपोळ सगळं पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं आता डोक्यातून पुसलं गेलं. पण पेडगावच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडलेला तो धनगर काही केल्या पुसला जात नाही. खरं तर गुन्हा म्हणून ते प्रकरण फार मोठं नव्हतंच.

निजामाचं राज्य होतं. मी परभणीत अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस, आणि हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. कायदा शिकलेला माणूस गरिबाच्या उपयोगी पडतो, असा माझा पक्का समज होता.

सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्याची मोटार परभणीकडे भरधाव येत होती. वाटेत मेंढरं आडवी आली. मेंढरं वाचवायला धनगर पुढे धावला आणि मोटारीचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं. धनगराला परभणीच्या दवाखान्यात हलवलं होतं. आम्ही जागेचा पंचनामा केला, ड्रायव्हरला अटक केली. मोटारीचा विमा होता. नुकसानभरपाई विमा कंपनीकडून मिळायची होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

आठवडा झाला असेल. दवाखान्याचा कंपाउंडर ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "अमीनसाब, तुमच्या धनगराचा सौदा झाला. हैदराबादहून कंपनीचा एजंट आला होता. 'आता काही मागणं नाही' अशा कागदावर अंगठा घेतला, दोन मेंढ्या येतील एवढे पैसे हातावर टेकवले आन् गेला. काल त्याचा पाय कापला."

मी तसाच दवाखान्यात गेलो. धनगर छताकडे बघत पडला होता. बायको उशाशी बसली होती.

"मामा, एवढ्यावर राजी कसे झालात?"

"त्यो सायेब म्हनला, डाक्टरला इचारलंय, पाय म्हैन्यात बरा व्हतोय. मंग म्या जास्त कशाला मागू? फुकटचं कशाला?"

"कागदाचं मी बघतो. फसवून घेतलेला अंगठा कोर्टात टिकत नाही."

"कागदाचं न्हाई ओ सायेब," बायको मध्येच फिसकारली. "यांनी भंडारा उचललाय. इचारा की!"

एजंट हुशार होता. धनगर कागद मोडेल पण भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडणार नाही, हे त्याला जामिनावर सुटलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. त्यानं बाजारातून हळदीची पुडी आणली, खाटेवर ठेवली आणि ती उचलायला लावून धनगराकडून वदवून घेतलं : देवाच्या नावानं सांगतो, याउपर काही मागणार नाही.

एजंट अजून परभणीतच मुक्कामाला होता. मी त्याला ठाण्यात बोलावलं. शिकलेल्या माणसाला दरडावून उपयोग नसतो. तो कायदा बोलायला लागतो. म्हणून आधी चहा मागवला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग सहज विचारलं, "डॉक्टरांची भेट झाली का?"

"नाही जनाब, वेळच मिळाला नाही."

"मग पाय महिन्यात बरा होतो, हे कुणी सांगितलं?"

त्यानं कप खाली ठेवला.

"भेटला नसाल तर डॉक्टरांचं नाव घेऊन थाप मारलीत. आणि भेटला असाल, तर पाय कापावा लागणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला डॉक्टरांच्या खोलीत जाताना पाहिलेला माणूस माझ्याकडे आहे. बोला, काय लिहू?"

शेवटी तो म्हणाला, "भेटलो होतो. अमीनसाहेब, कागद फाडू. मी आत्ता कंपनीला तार करतो, चौपट देववतो. प्रकरण इथंच मिटवा."

मला वाटलं, जिंकलो. छाती फुगवून दवाखान्यात गेलो.

धनगर म्हणाला, "कागद फाडा की. भंडारा कसा फाडता?"

"अहो, ती बाजारातली हळद होती!"

"हळद बाजारचीच असती, सायेब. देवाचं नाव घिऊन उचलली की भंडारा."

"जा मग!" बायको ओरडली. "भंडाऱ्याच्या पायानं हिंडा आता मेंढरामागं!"

तिचा राग पाहून मला आशा वाटली. म्हटलं, "मावशी, तुम्ही तर शपथ घेतली नाही. रक्कम तुमच्या नावावर घ्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांनी उचलला म्हंजी घरानं उचलला. मला काय येगळं घर हाय?"

मी हार मानली नाही. त्यांच्या देवाच्या भगताकडे गेलो. म्हातारा विचार करून म्हणाला, "ज्यानं उचलाया लावला, त्यानं हितं येऊन चार मान्सांत भंडारा उचलावा, आन् 'म्या खोटं बोललो' म्हनावं. मंग ह्यो मोकळा."

एवढंच. पैसा नको, खर्च नको. मी धावत एजंटकडे आलो.

तो म्हणाला, "जनाब, रक्कम पाचपट करतो. माफीचा कागदही लिहून देतो, तो तुमच्या कपाटात राहू द्या. पण धनगरांच्या पुढ्यात उभा राहून 'मी खोटं बोललो' म्हणू? माझी काही इज्जत आहे की नाही?"

मी समजावलं, खटल्याची धमकी दिली. पण फसवणुकीच्या खटल्याला फिर्यादी लागतो, आणि फिर्यादीनं तोंड बंद केलं होतं. एजंट गाडीत बसून गेला. ड्रायव्हरला दंड झाला. कचेरीत प्रकरण दप्तरदाखल झालं.

पुढे कोर्टात शेकडो लोकांना शपथ घेताना पाहिलं. पिंजऱ्यातून उतरायच्या आत ती मोडणारेही पाहिले. अपघाताची वर्दी आली की, जागेवर जाण्याआधी जखमीच्या खाटेपाशी शिपाई बसवायचा, हा धडा मी या प्रकरणातून घेतला. दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला असेल. पण फसवलेल्या माणसानं शब्द पाळला आणि फसवणाऱ्यानं अब्रू जपली, यात कायद्यानं नेमकं कुठं हात घालायचा, हे मला कॉलेजानं शिकवलं नव्हतं, आणि नोकरीनंही नाही.

दिवाळीनंतर कळप चरायला बाहेर पडले. धनगराची बायको आणि मेव्हणा मेंढरं घेऊन गेले. मी सेलूहून घोड्यावर परतत होतो. त्यांच्या गावाबाहेर बाभळीखाली धनगर कुबडी आडवी टाकून बसला होता.

"मामा, वाईट वाटतं का?"

"पायाचं वाटतं की. लय वाटतं." मग थोडा पुढे सरकून त्यानं विचारलं, "सेलूकडून आलाव न्हवं? वाटंत आमची मेंढरं दिसली का वो?"

सगळ्या रस्त्यात मला एकही कळप दिसला नव्हता.

"दिसली," मी म्हणालो. "चांगली चरत होती."

त्यानं मान हलवली आणि समाधानानं डोळे मिटले.