खडीवरचं गाणं

गाणं कुठल्या गुरूकडं शिकलात, असं लोक मला विचारतात. मी सांगते, खडीवर. मग ते हसतात, त्यांना वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टा कसली? बहात्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याच्या सडकेचं काम निघालं, तेव्हा माझी माय आणि मी रोज सकाळी हातोड्या घेऊन तिथं खडी फोडायला बसायचो. गावातल्या वीसेक बाया एका ओळीत. हातोडी खाली येताना प्रत्येकीच्या तोंडून ‘हं’ असा दम बाहेर पडायचा. मी नवखी. दम कोंडून घाव घालायचे आणि घटकाभरात धापा टाकायचे.

“दम कोंडू नगं पोरी,” माय म्हणाली. “हं करून सोड. न्हायतर छाती भरती.”

मी दम सोडायला शिकले आणि दोन ‘हं’च्या मधल्या जागेत मला गाणं सुचायला लागलं. ‘दगडा, तुझी सडक झाली,’ मी म्हणायचे, आणि सगळ्या बाया मिळून ‘हं!’ ‘माझं कवा काय व्हायचं,’ की पुन्हा ‘हं!’ मुकादम आधी लई ओरडला. गाण्यानं खडीचे ढीग भराभर वाढतात हे दिसल्यावर मात्र तोच विचारायला लागला, “आज गाणं का न्हाय?” लबाड कुठला!

दुष्काळ सरला, गाणं राहिलं. जयंतीला, हळदीला बोलावणी यायला लागली. पुढं सहकारी साखर कारखान्याच्या मोळीपूजनालाही गायले. तिथं एका साहेबांनी रेडिओच्या चाचणीचा अर्ज माझ्या हातात ठेवला.

चाचणीच्या खोलीत मी एकटीच होते. साथीला बाया नाहीत, म्हणून ‘हं’ही मीच म्हटलं. काचेपलीकडचे अधिकारी म्हणाले, “आवाज चांगला आहे बाई, पण ते कण्हणं काढून टाका.” कण्हणं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी काढून पाहिलं, तर गाणं लंगडायलाच लागलं. मी नापास झाले.

घरी येऊन मायला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. “म्याच लावली तुला ती खोड,” ती म्हणाली. त्या दिवसापासून मी गायला लागले की माय उठून बाहेर जायची. नापास झाल्याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं तिच्या त्या उठून जाण्याचं वाटायचं.

मी हट्टानं गात राहिले, ‘हं’सकट. काही वर्षांनी लोककलांचं एक पथक फ्रान्सला निघालं, त्यात माझी निवड झाली. पथकाच्या प्रमुखांनी विमानातच बजावलं, “तिथं ते ‘हं’बिं नको. हसतील लोक.”

पहिलं गाणं मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणं धुऊनपुसून म्हटलं. टाळ्या पडल्या, पोट भरलेल्या पाहुण्यानं आग्रहाखातर घास घ्यावा तशा. मनात म्हटलं, हसायचं तर हसू देत. मंचावर मांडी घातली, हात उचलला आणि खाली आणला. ‘हं!’ दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतला एक म्हातारा माझ्या हाताकडं बघून ‘हं’ म्हणाला. चौथ्या ओळीला अख्खं सभागृह म्हणत होतं, कोट-टायवाली गोरी माणसं, एका दमात. माझ्या अंगावर काटा आला. मी थांबेना आणि तीही सोडीनात. पुढं मी किती देशांत गायले, रेडिओनंही मानानं बोलावलं, तिथंही ‘हं’सकटच गायले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण माझी खरी परीक्षा घरी होती. फ्रान्सहून परतल्यावर मी तिथल्या कार्यक्रमाची कॅसेट अंगणात लावली. माझा आवाज येताच माय उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग ते शेकडो माणसांचं ‘हं’ आलं. माय दचकली. पुन्हा आलं, तेव्हा तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि बरोबर ठोक्याला मांडीवर पडला. कॅसेट संपेपर्यंत ती हलली नाही.

“परत लाव,” माय म्हणाली. मी लावली. ती डोळे पुसत ऐकत राहिली आणि मग तिनं मला विचारलं, “ही माणसं कुठल्या कामावर व्हती गं?”