बटण दाबलं की अँब्युलन्स येते

शॉमबर्गमधल्या आपल्या लोकांत माझं नाव निघालं की आधी कोणीतरी हसतं आणि मग विचारतं, "तोच ना, अँब्युलन्सवाला?" दुसऱ्या कोणाच्या तोंडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा ठेवा. गोष्ट जरा लांब आहे, पण त्यात गाढव एकच आहे, त्यामुळे गोंधळ व्हायचा नाही.

मी नागपूरचा. दहावीच्या पुढे मी गेलो नाही, किंवा दहावीने मला जाऊ दिलं नाही, कसंही म्हणा. गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणं आणि जयंतीला ढोलकी वाजवणं, एवढंच मला येतं. घरातलं सगळं डोकं दादाच्या वाट्याला गेलं होतं. तो इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला, इथे शॉमबर्गला घर घेतलं. आणि यंदाच्या जानेवारीत, एका सकाळी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. वय छत्तीस. हीटर चालू होता म्हणे. शेजारून माणसं जात होती. त्यांना वाटलं, फोनवर बोलत असेल.

आई आणि मी आलो. आई महिन्याभराने परत गेली. वहिनीला एकटी कशी ठेवायची, म्हणून मी मागे राहिलो. मी तिला आधार द्यायला राहिलो होतो, हे लक्षात ठेवा. कारण पंधरा दिवसांत तीच मला गाडीत घालून इमर्जन्सीला पळवायला लागली.

छातीत कळ यायची. डाव्या हाताला मुंग्या, श्वास पुरेना, कपाळावर घाम. दारातले दादाचे बूट दिसले की यायची. हॉलच्या कोपऱ्यात त्याने नागपूरहून आणून ठेवलेली ढोलकी होती. तिला हात लावला की मग तर हमखास. दादा गायचा, मी वाजवायचो, आमचं लहानपणापासूनचं वाटून घेतलेलं काम. आता गाणारा गेला, आणि त्याच रस्त्याने वाजवणारा निघालाय, अशी माझी खात्री झाली होती.

हॉस्पिटलवाल्यांनी सगळं तपासलं. दर वेळी एकच उत्तर, हृदय ठणठणीत.

"मग दुखते काहून?" मी वहिनीला म्हणायचो. "विचार ना त्यांना."

शेवटी त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावर एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. पांढरे केस, कानात लाकडी डूल, आवाज अगदी मऊ. त्या बोलल्या आणि वहिनीने मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुमचं दुखणं खरं आहे, कोणी नाटक म्हणत नाही. पण हृदय चांगलं आहे. मन घाबरलं की शरीराला घाबरवतं आणि शरीर पुन्हा मनाला. अशा पेशंटवर त्यांचं संशोधन चालू आहे. तुम्ही त्यात याल का? पैसे पडणार नाहीत."

"म्हणजे ह्या वेड्यांच्या डॉक्टर?"

"त्यांना मराठी येत नाही म्हणून वाचलात, भाऊजी."

मी हो म्हटलं. फुकट आहे म्हणून नाही. त्या बाई 'दुखणं खरं आहे' म्हणाल्या म्हणून.

इथून माझा गाढवपणा सुरू होतो.

त्या संशोधनाचं यंत्र छातीला लावायच्या दिवशी वहिनीला ऑफिसात मीटिंग होती. ती मला दारात सोडून गेली. बाईंनी फोनकडे बोट दाखवून विचारलं, हिंदी दुभाष्या देऊ का? आता मला सांगा, नागपूरचा माणूस परक्या देशात, एवढ्या नर्सांसमोर, मला इंग्रजी येत नाही असं कबूल करेल का? मी छाती पुढे काढून म्हटलं, "नो नो. आय नो इंग्लिश."

मग बाई बराच वेळ बोलल्या आणि मी बराच वेळ मान हलवली. आपली मान अशी आहे की समजलं तरी हलते, न समजलं तर जास्त हलते. छातीला वायर चिकटवल्या, कमरेला एक डबी अडकवली. डबीवर निळं बटण. बाईंनी छातीवर हात ठेवून दुखल्याचा चेहरा केला, अंगठ्याने बटण दाबून दाखवलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसल्या.

एवढं कोणालाही समजेल. दुखलं की बटण दाब, आम्ही येतो. आमच्याकडे सरकारी दवाखान्यातसुद्धा खाटेजवळ घंटी असते. ती दाबली तर कोणी येत नाही ही गोष्ट वेगळी. पण ही अमेरिका. इथे येणारच.

पहिल्यांदा दाबलं ते दोनच दिवसांनी. वहिनी ऑफिसात, मी भांडी घासत होतो, आणि आली कळ. दाबलं. हात पुसले, भांग पाडला, स्वेटर घातला. हॉस्पिटलात जायचं तर जरा नीट जावं. बाहेर पायरीवर येऊन बसलो. समोरचा म्हातारा गोरा बर्फ ढकलत होता, त्याला हात केला. बसलो, बसलो. गाडी काही येईना. आणि तेवढ्यात लक्षात आलं की कळ कधीच गेली.

मी काय अर्थ काढला असेल? मी म्हटलं, वा रे हुशार लोक! तिकडे पडद्यावर बघितलं असेल, विशेष काही नाही, उगाच गाडी कशाला पाठवायची. पेट्रोल वाचवलं.

मग काय, माझी भीडच चेपली. किराणा दुकानात कळ आली, दाबलं, तांदळाच्या पोत्यांपाशी उभा राहिलो, कोणी आलं नाही, म्हणजे ठीक आहे. दादाचे कोट कपाटात लावताना दाबलं, कोणी आलं नाही, म्हणजे ठीक आहे. आईला कॉलिंग कार्डावरून फोन केला, "काळजी करू नको, माझ्यावर चोवीस तास हॉस्पिटलची नजर आहे." आईने ते पूर्ण गल्लीला सांगितलं.

खरं सांगू? दाबताना दर वेळी एकच मनात यायचं. दादाकडे हे असतं तर.

एप्रिल उजाडला आणि वानखेडे काकांचा फोन आला. काका आमच्या इथल्या जयंती कमिटीचे अध्यक्ष, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, बोलणं मात्र अजून आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्याचं.

"जयभीम. काय रे लेका, यंदा दादाचं गाणं ठेवायचं का? कोणी म्हणते सीडी लावू."

दादाने स्वतः रचलेलं गाणं ते. आणि सीडीवर? मी काही विचार न करता बोलून बसलो, "सीडी नको काका. ढोलकी मी वाजवतो."

"जमेल तुला? तब्येतीचं ऐकलं होतं."

"जमेल. फक्त मधेच अँब्युलन्स आली तर घाबरू नका."

"अँब्युलन्स?"

मी डबीचं सांगितलं.

"पण तू जयंतीच्या हॉलमध्ये आहे हे त्यांना कळंल कसं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण उत्तर काकांनीच दिलं. "हां, सॅटेलाइट असंल. बरोबर आहे. आता सगळं सॅटेलाइटवरच आहे." मी अडाणी, मी म्हटलं हो. आणि बघा, ही बातमी मी एकाला सांगितली होती, ती आठवड्यात सगळ्या शिकलेल्या लोकांत पसरली. प्रत्येकाने तिला थोडं थोडं विज्ञान लावलं.

जयंतीच्या दिवशी शाळेच्या हॉलवर पोचलो, तर दाराजवळची पार्किंगची जागा चार केशरी शंकू लावून अडवलेली. एक पुण्याचा मुलगा थंडीत कुडकुडत तिथे पहारा देत होता. आत पहिल्या रांगेत तीन खुर्च्यांवर कागद चिकटवलेले, 'मेडिकल टीम'. आणि वानखेडे काकूंनी तीन ताटं फॉइलने झाकून बाजूला काढली होती.

"ही कोणाची, काकू?"

"अरे, ड्युटीवरची माणसं. उपाशी येतील बिचारी. तिखट कमी घातलंय."

त्या तीन खुर्च्यांच्या शेजारी वहिनी बसली होती. दादा गेल्यापासून ती कुठल्या कार्यक्रमाला गेली नव्हती. मी वाजवणार म्हणून आली होती.

माझा नंबर आला. स्टेजवर बसलो, ढोलकी मांडीवर घेतली, आणि आली. आजवरची सगळ्यात मोठी कळ. समोर माईक, आणि माईकमागे जिथे दादा उभा राहायचा तिथे कोणी नाही. मी कुडता वर केला आणि सगळ्यांदेखत बटण दाबलं.

सगळा हॉल दाराकडे वळून बघायला लागला. काका उठून दारात जाऊन उभे राहिले. पुण्याच्या मुलाने बाहेरचे शंकू उचलून घेतले. एक लहान मुलगी म्हणाली, "मम्मी, आर दे कमिंग?" कोणी हललं नाही. मीही दाराकडे बघत बसलो, ढोलकीवर हात ठेवून. बसलो, बसलो.

कोणी आलं नाही.

मी माईक ओढला आणि म्हटलं, "नाही आले, म्हणजे मी ठीक आहे." आणि थाप मारली.

मग काय वाजली म्हणता! ढोलकीच्या पानावरची शाई सुटेपर्यंत वाजली. पहिलं कडवं कोरसने म्हटलं. दुसरं कोणाला येईना. मी नुसता ठेका धरून राहिलो. तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, बारीक, जरा बेसूर. वहिनी. बसल्या जागेवरून. तिला सगळं पाठ होतं, स्वयंपाकघरात ऐकून ऐकून. तिसऱ्या कडव्याला सगळा हॉल उभा होता. ती तीन ताटं मी एकट्याने संपवली.

पुढच्या आठवड्यात डबी परत द्यायला गेलो, या वेळी वहिनीला घेऊन. बाईंनी लांबलचक कागद पसरला. एका खुणेवर बोट ठेवून विचारलं, इथे काय झालं? तुझं हृदय घोड्यासारखं धावलंय, आणि मग बघ कसं छान लयीत आलंय.

"ढोलकी," मी म्हटलं. मग मनापासून आभार मानले. "थँक यू मॅडम. यू नो सेंड अँब्युलन्स. व्हेरी गुड डिसिजन."

बाईंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे. मी सगळं मराठीत सांगितलं, पायरी, तांदळाची पोती, तीन खुर्च्या. वहिनी भाषांतर करता करता थांबली. तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते. ती हसत होती, खुर्चीला धरून. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

बाईंनी डोळे पुसले आणि समजावलं. बटण दाबलं की फक्त कागदावर एक खूण उमटते, म्हणजे दुखलं कधी ते नंतर कळतं. ते कुठे जात नाही. कोणाला दिसत नाही. कळ आपली येते आणि आपली जाते, एवढं लोकांना पटवायला त्यांना महिने लागतात. मी ते चुकीच्या कारणाने, पण पक्कं शिकलो होतो. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला मला बघायला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला कशात तरी पास केलं होतं.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. कोणी बघत नव्हतं? एवढे दिवस? पायरीवर, दुकानात, स्टेजवर, मी एकटाच? छातीत धस्स झालं.

टेबलावरच्या डबीवर वहिनीची नजर गेली. माझा अंगठा तिथे पोचलेला होता.

"आता काय दाबता, भाऊजी? कोणी येत नाही, आत्ताच सांगितलं ना त्यांनी?"

"तेच ऐकून तर दाबलं, वहिनी."